छोट्या बागेतलं शोभेचं एल्डर: आधी ठरवा, पानं हवीत की फुलं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ नव्या वसाहतीत घर घेतलंय, मागे साधारण ६ बाय ९ मीटरची बाग आहे. माती चिकण, तीन बाजूंना १.८ मीटर उंचीचं लाकडी कुंपण. नर्सरीत काळ्या, झिरमिळ्या पानांचं एल्डर नावाचं झुडूप पाहिलं आणि ते मनात भरलं. एवढ्याशा जागेत ते मावेल का, कुठे लावायचं, छाटायचं कधी, घरात तीन वर्षांचं मूल आहे तर धोका किती, आणि पुण्यात आईबाबांच्या गच्चीवरही हेच लावता येईल का?

मावेल. मात्र हे झाड मोकळं सोडलं तर तीन-चार वर्षांत तीन मीटर उंच आणि जवळजवळ तितकंच रुंद होतं, आणि ६ मीटर रुंदीच्या बागेत तो पसारा झेपत नाही. ते आटोक्यात राहतं ते केवळ छाटणीमुळे. ती कशी करायची हे एकाच गोष्टीवर ठरतं: तुम्हाला पानं हवीत की फुलं? जात कोणती घ्यायची, जागा कुठली, खत किती, हे सगळं त्या उत्तरामागून येतं. म्हणून रोप आणायच्या आधी तेवढं ठरवून टाका.

कारण साधं आहे. युरोपातलं एल्डर, म्हणजे सांबुकस नायग्रा, मागच्या वर्षी वाढलेल्या फांदीवर यंदा फुलतं. मार्चमध्ये सगळ्या फांद्या खाली कापल्या तर त्या वर्षी फूल नाही, पण जोमदार, सरळ फुटवे आणि मोठी, गडद, सुरेख कातरलेली पानं मिळतात. कापलं नाही तर मे अखेरीपासून जूनभर हाताच्या पंज्याएवढे फुलांचे गुच्छ येतात, काळ्या पानांच्या जातींत गुलाबी, पण पानं लहान राहतात, बुंधा उघडा पडतो आणि सगळी शोभा कुंपणाच्या वर, शेजाऱ्यांच्या वाट्याला जाते. मधला मार्गही आहे, तो पुढे सांगतो.

आता जाती. तुम्ही पाहिलेलं झाड बहुधा 'ब्लॅक लेस' असणार. रोपाच्या नावाच्या पट्टीवर 'इव्हा' असंही दिसेल, दोन्ही एकच. त्याच्या आधी आलेली 'ब्लॅक ब्यूटी', म्हणजेच 'गर्डा', ही पण काळसर जांभळीच, पण तिचं पान साधं, रुंद. दोन्ही जाती केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात केन टोबट यांच्या कामातून आल्या. 'ब्लॅक ब्यूटी' अंगाने दांडगी आहे, छोट्या बागेसाठी मी ती सुचवत नाही.

तुमच्या मापाच्या बागेला माझी पहिली पसंती 'ब्लॅक टॉवर'. ही जात सरळ वर जाते. उंची दोन-अडीच मीटर, रुंदी साधारण एक मीटर. पान काळसर आणि फूल गुलाबी, पण 'ब्लॅक लेस'सारखी बारीक कातर तिला नाही. तीच सवय असलेली पिवळी जात म्हणजे 'गोल्डन टॉवर'. ही उभी झाडं दरवर्षी खाली कापावी लागत नाहीत, त्यामुळे आटोपशीर झाड आणि फुलं दोन्ही मिळतात. झिरमिळ्या पानांचाच हट्ट असेल तर 'ब्लॅक लेस' जरूर घ्या, फक्त ते दरवर्षी छाटायचं हे मनाशी पक्कं करून घ्या.

पिवळ्या कातरलेल्या पानांची 'सदरलँड गोल्ड' ही वेगळ्या प्रजातीची, सांबुकस रेसेमोसाची. तिची फुलं लवकर, एप्रिलमध्येच येतात आणि फळं लाल असतात. तिला दुपारचं कडक ऊन सोसत नाही, कडा तपकिरी होऊन चुरगळतात. सकाळचं ऊन आणि दुपारी सावली अशी जागा असेल तर ती फार खुलते. पांढऱ्या-पिवळ्या कडांच्या 'मॅडोना' किंवा 'मार्जिनाटा' या जाती हिरव्या पानांवर परत जायला बघतात; पूर्ण हिरवा फुटवा दिसला की तो उगमापासून काढावा लागतो, नाहीतर दोन-तीन वर्षांत तोच झाड व्यापतो.

नर्सरीत गेलात की मोठ्या, महागड्या १० लिटरच्या कुंडीतल्या रोपाच्या मोहात पडू नका. एल्डर झपाट्याने वाढतं. २ ते ३ लिटरच्या कुंडीतलं निरोगी रोप दोन हंगामांत त्याला गाठतं. बुंध्याशी तीन-चार फुटवे असलेलं रोप निवडा. कुंडी तिरकी करून तळाची भोकं बघा. तिथून जाड मुळ्या बाहेर येऊन गोल फिरत असतील तर ते सोडून दुसरं घ्या.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे ऊन. काळ्या पानांच्या जातींना दिवसाचं किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. सावलीत पानं हिरवट, मळकी दिसतात आणि फांद्या लांबट, लोंबत्या होतात. 'रंग गेला' म्हणून जी तक्रार येते तिचं कारण बहुतेक वेळा सावली हेच असतं. खत घालून तो रंग परत येत नाही.

दुसरी गोष्ट लोक विसरतात: मागची पार्श्वभूमी. काळं पान गडद कुंपणासमोर दिसतच नाही. हल्ली इंग्लंडमध्ये कुंपण गडद करडं किंवा काळं रंगवायची टूम आहे, आणि त्यासमोर 'ब्लॅक लेस' लावलं की ते अक्षरशः गायब होतं. फिकट विटांची भिंत, न रंगवलेलं लाकूड किंवा पिवळसर-हिरव्या पानांचं दुसरं झुडूप मागे असेल तरच त्याची कातर उठून दिसते. संध्याकाळचं तिरपं ऊन पानांमागून आलं तर त्या काळ्या पानात रेड वाइनच्या रंगाची लाली दिसते. तशी जागा मिळाली तर सोडू नका.

तिसरी, खाली काय आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात फळं पिकली की पक्षी तुटून पडतात आणि जांभळे डाग फरशीवर, बाकावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतात. म्हणून पॅटिओच्या कडेला किंवा दोरीजवळ हे झाड नको. स्वयंपाकघराच्या खिडकीलगतही नको; फुलांचा वास गोड असला तरी पानं चुरडली की उग्र, नकोसा दर्प येतो, आणि छाटणीच्या दिवशी तो चांगलाच जाणवतो.

कुंपणापासून 'ब्लॅक टॉवर' ७० सेंटिमीटर आणि 'ब्लॅक लेस' किमान १.२ मीटर दूर लावा. जवळ लावलं तर पाठीमागची बाजू उघडी पडते आणि झाड उजेडासाठी पुढे कलतं. शिवाय मागे शिरून छाटायला माणसाला जागा लागतेच.

माती चिकण आहे म्हणून घाबरू नका. एल्डरला ओलसर, कसदार जमीन आवडते, चुनखडीची जमीनही चालते. सामू (pH) ६ ते ७.५ असला तर काहीच करायची गरज नाही. रानटी एल्डर इंग्लंडात रेल्वेच्या कडेला, पडक्या जागी, सशांच्या बिळांजवळच्या खतावलेल्या मातीत आपोआप उगवतं, यावरून त्याच्या आवडीची कल्पना येते. मात्र नव्या वसाहतीत एक खोट नेहमी असते: हिरवळीखाली १०-१५ सेंटिमीटर चांगली माती आणि त्याखाली यंत्रांनी दाबून दगडासारखा झालेला थर, त्यात विटांचे तुकडे. खड्ड्यात पाणी ओतून बघा. दुसऱ्या दिवशीही ते तसंच साचलेलं असेल तर निचरा नाही. अशा ठिकाणी खोल खड्डा म्हणजे पाण्याची टाकीच होते आणि हिवाळ्यात मुळं कुजतात. त्यापेक्षा मीटरभर रुंदीच्या पट्ट्यात काटेरी फावड्याने तो थर फोडा, त्यावर माती आणि कंपोस्ट मिसळून १५-२० सेंटिमीटरचा उंचवटा करा आणि रोप त्यावर लावा.

लावणीला ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, नाहीतर मार्च-एप्रिल. कुंडीतलं रोप एरवीही लावता येतं, पण जून-जुलैत लावलं तर सगळा उन्हाळा पाण्याची झारी हातातून सुटत नाही. लावण्याआधी कुंडी बादलीभर पाण्यात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. खड्डा मुळांच्या गड्ड्याएवढाच खोल, पण रुंदीला दुप्पट-तिप्पट. खड्ड्यात नुसतं कंपोस्ट भरू नका. मुळं त्या मऊ खिशात गोल फिरत बसतात आणि चिकणमातीत शिरत नाहीत. निघालेलीच माती परत भरा, पायाने हलकं दाबा आणि १० लिटर पाणी द्या. मग ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचं कंपोस्टचं किंवा झाडाच्या सालीचं आच्छादन घाला, बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडून. आच्छादन खोडाला भिडलं की साल ओली राहते आणि कुजते.

पहिल्या उन्हाळ्यात, पाऊस नसेल तर, आठवड्यातून दोनदा ८-१० लिटर पाणी एकदम ओता. रोज शिंतोडे मारल्याने मुळं वरच्या वरच राहतात. त्यासाठी आपल्याकडे करतात तसं झाडाभोवती आळं करून घ्या. दुसऱ्या वर्षापासून जमिनीतल्या झाडाला फक्त लांबलेल्या कोरड्या दिवसांत पाणी लागतं. पानांच्या कडा करपायला लागल्या की ते पाणी मागतंय असं समजा.

कुंडीत लावायचं असेल तर ४५ ते ५० सेंटिमीटर व्यासाची, जड कुंडी घ्या. हलक्या कुंडीत वाऱ्याने झाड आडवं होतं. मातीचं प्रमाण असलेलं मिश्रण वापरा, जॉन इन्स क्रमांक ३ सारखं. नुसत्या कोकोपीटच्या मिश्रणाला वजन नसतं. जुलैत या कुंडीला रोज पाणी लागतं, दर दोन वर्षांनी मार्चमध्ये वरची ५ सेंटिमीटर माती बदलावी लागते. कुंडी हा दुसरा पर्याय ठेवा. जमिनीत जागा असेल तर जमिनीतच लावा.

आता छाटणी. पहिल्या वर्षी झाडाला मुळं धरू द्या. लावल्यानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये फांद्या उंचीला निम्म्या करा, एवढंच. त्याने खालून फुटवे येतात. दुसऱ्या मार्चपासून खरी छाटणी सुरू.

पानांसाठी छाटायचं असेल तर तीन ते पाच जाड फांद्यांचा गुडघ्याइतका, म्हणजे ३० ते ४५ सेंटिमीटर उंचीचा सांगाडा ठेवा. त्यावरून मागच्या वर्षी आलेला प्रत्येक फुटवा डोळ्यांची (जिथून नवी पालवी फुटते त्या कोंबांची) एक किंवा दोन जोडी ठेवून कापा. कापून झालं की झाड केविलवाणं दिसतं, चार ठोंब उभे असल्यासारखं. ऑगस्टपर्यंत तेच माणसाच्या उंचीला येतं. जूनमध्ये एकदा गर्दी बघा आणि प्रत्येक ठोंबावर दोन-तीनच जोमदार फुटवे ठेवून बाकीचे हाताने मोडा. ही विरळणी टाळली तर मध्ये हवा खेळत नाही आणि पानांवर भुरी येते.

मधला मार्ग असा: दर मार्चमध्ये सर्वांत जुन्या एक तृतीयांश फांद्या जमिनीलगत काढा, बाकीच्यांना हात लावू नका. जुनी फांदी ओळखायला सोपी असते, तिची साल करडी, भेगाळलेली, बुचासारखी होते. कोवळ्या फांदीची साल गुळगुळीत आणि तिच्यावर ठिपक्यांसारखे उंचवटे. अशा रीतीने तीन वर्षांत सगळं झाड नवं होतं, दरवर्षी फुलंही मिळतात आणि उंची दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास राहते. 'ब्लॅक टॉवर'ला हीच पद्धत द्या. 'ब्लॅक लेस'ला तुमच्या जागेत मी पहिलीच सुचवेन.

काप कुठे घ्यायचा याला फार महत्त्व आहे. एल्डरचे डोळे समोरासमोर, जोडीने असतात. फांदीच्या मध्यभागी भेंडासारखा पांढरा, मऊ गाभा असतो. पेराच्या मध्येच कापलं तर वरचा तुकडा सुकतो, त्या मऊ गाभ्यात पाणी मुरतं आणि सुकवा खालच्या डोळ्यांपर्यंत उतरतो. म्हणून डोळ्यांच्या जोडीच्या वर साधारण एक सेंटिमीटरवर, आडवा सरळ काप घ्या. अंगठ्यापेक्षा जाड फांदीला सिकेटर (छाटणीची कात्री) लावू नका, ती चिरडते. छोटी करवत वापरा. सुकलेल्या टोकांवर नारिंगी-गुलाबी पुटकुळ्या दिसल्या तर ती कोरल स्पॉट नावाची बुरशी. निरोगी, हिरव्या लाकडापर्यंत कापा आणि कापलेलं लाकूड बागेत पडू देऊ नका, ती बुरशी मेलेल्या काटक्यांवर तग धरून राहते.

वेळ फेब्रुवारीअखेर ते मार्चचा मध्य. इंग्लंडात एल्डर फार लवकर जागं होतं. सौम्य हिवाळ्यात जानेवारीतच डोळे फुगतात. जानेवारीत छाटलं तर नवे फुटवे लवकर येतात आणि एप्रिलच्या हिमात काळे पडतात. तसं झालं तरी झाड मरत नाही, खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटतं. फक्त काळी पडलेली टोकं लगेच कापत सुटू नका, मेच्या मध्यापर्यंत थांबा.

कुणी पाच-सात वर्षं दुर्लक्षित ठेवलेलं झाड तुमच्या वाट्याला आलं तर त्याचीही चिंता नको. मार्चमध्ये सगळं ३० सेंटिमीटरवर कापा, जूनमध्ये पाच-सात चांगले फुटवे राखा. इतकी दांडगाई सहन करणारी झुडपं थोडी आहेत.

जोरदार छाटलेल्या झाडाला खत लागतं, कारण दरवर्षी आपण त्याचं साठवलेलं सगळं काढून नेतो. छाटल्यानंतर चौरस मीटरला दोन मुठी, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास, ब्लड-फिश-अँड-बोन (वाळवलेलं रक्त, मासळी आणि हाडांचं खत) किंवा कोंबडीखताच्या गोळ्या मातीत मिसळा आणि वर कंपोस्टचं आच्छादन. शाकाहारी घरात पहिलं चालणार नाही. सागरी शेवाळाच्या भुकटीबरोबर जाडसर कंपोस्ट दिलं तरी काम होतं. न छाटलेल्या झाडाला नुसतं आच्छादन पुरे. नत्र जास्त झालं की फुटवे लुसलुशीत, लोंबते होतात आणि मावा तुटून पडतो.

माव्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण मे महिन्यात घाबरून विचारणारे पुष्कळ असतात. कोवळ्या शेंड्यांवर काळसर माव्याचा जाड थर चढतो, फांदीला काळं कापड गुंडाळल्यासारखा. मुंग्या वरखाली करत असतात, पानं चिकट होतात. हा एल्डरचा खास मावा आहे आणि जूनअखेरीस त्याचा मोठा भाग पंख फुटून दुसऱ्या झाडांच्या मुळांकडे निघून जातो. झाड निभावतं. लहान रोप असेल तर सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुवा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा. ढालकिडे, म्हणजे लेडीबर्ड, आणि त्यांच्या काळ्या-नारिंगी, सुसरीच्या आकाराच्या अळ्या दिसल्या तर हात आवरा. त्या अळ्यांनाच कीड समजून मारलं जातं. आपल्याकडे सर्रास वापरतो ते निंबोळी तेल ब्रिटनमध्ये कीडनाशक म्हणून मंजूर नाही, तेव्हा भारतातून आणलेली बाटली इथे वापरू नका. फवारणीची तशी गरजही पडत नाही.

कुंडीतलं झाड पाणी असूनही मरगळलं तर मुळं तपासा. मातीत पांढरट, तपकिरी डोक्याच्या, अर्धवर्तुळात वळलेल्या अळ्या सापडल्या तर त्या व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याच्या. त्यावर सूत्रकृमी, म्हणजे या अळ्यांना मारणारे सूक्ष्म जंत, विकत मिळतात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, माती ओली आणि अजून कोमट असताना द्यायचे. जमिनीतल्या झाडाची एकच फांदी अचानक सुकली आणि कापल्यावर लाकडात तपकिरी रेषा दिसल्या तर मर रोगाचा संशय घ्या. ती फांदी निरोगी भागापर्यंत काढा आणि सिकेटर स्पिरिटने पुसा. बुंध्याशी साध्या हिरव्या पानांचा जोमदार फुटवा दिसला तर 'ब्लॅक लेस उलटलं' असं लगेच समजू नका. ही झाडं कलमी खुंटावर नसतात. तो बहुधा पक्ष्याने टाकलेल्या बीचा रानटी रोपटा असतो. माती उकरून त्याचं मूळ वेगळं आहे का बघा आणि मुळासकट उपटा.

खाली काय लावायचं? पानगळीचं झाड असल्याने मार्चपर्यंत जमिनीवर भरपूर उजेड असतो. स्नोड्रॉप, छोटे डॅफोडिल तिथे छान येतात आणि ठोंबांचा उघडेपणा झाकतात. उन्हाळ्यात पायथ्याशी निळं जिरेनियम 'रोझॅन' किंवा पिवळसर जपानी गवत हाकोनेक्लोआ पसरू द्या. दोन्ही काळ्या पानांना उठाव देतात.

आता मुलाचा प्रश्न, आणि इथे स्पष्ट बोललं पाहिजे. एल्डरची पानं, देठ, साल, मुळं आणि कच्ची फळं यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. खाल्ली तर मळमळ, उलट्या, जुलाब, चक्कर. पिकलेली काळी फळंही कच्ची खायची नाहीत, शिजवूनच. १९८३ साली कॅलिफोर्नियात फळांबरोबर पानं आणि काटक्या चिरडून काढलेला रस प्यायलेल्या आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं होतं. म्हणजे धोका खरा आहे. पण नुसत्या स्पर्शाने काही होत नाही, आणि पानांचा वास-चव इतकी वाईट की मूल दुसरा घास घेत नाही. ओढ लावतात ती चमकदार फळं. तीन वर्षांचं मूल घरात असताना पानांसाठीची पूर्ण छाटणी हाच सोयीचा मार्ग, कारण फूल नाही तर फळही नाही. मधल्या पद्धतीने छाटत असाल तर फुलं सुकताच गुच्छ काढून टाका. त्याच्या पोकळ काड्यांच्या पिपाण्या किंवा फुंकण्या मुलांना कधीच करून देऊ नका. मुलाने काही खाल्लंच तर वाट बघत बसू नका. ब्रिटनमध्ये १११ ला फोन करा, त्रास दिसत असेल तर ९९९, आणि फांदीचा तुकडा बरोबर ठेवा.

फुलांचं सरबत मात्र निर्धास्त करता येतं. 'ब्लॅक लेस'च्या फुलांचं तर फिकट गुलाबी होतं. कोरड्या, उन्हाच्या सकाळी पूर्ण उमललेले २० गुच्छ तोडा, झटकून किडे काढा. धुऊ नका, परागातच स्वाद असतो. जाड हिरवे देठ कात्रीने काढून टाका. एक लिटर पाणी आणि ८०० ग्रॅम साखर उकळा, गॅस बंद करून त्यात दोन लिंबांच्या चकत्या, २५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड आणि फुलं घाला. झाकून २४ तास ठेवा, मलमलच्या फडक्यातून गाळा, उकळत्या पाण्याने धुतलेल्या बाटल्यांत भरा. फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकतं.

आणखी रोपं हवी असतील तर डिसेंबरात पेन्सिलीइतक्या जाड, त्याच वर्षीच्या फांदीची २० ते २५ सेंटिमीटरची छाट कलमं करा. खालचा काप बरोबर डोळ्यांच्या जोडीखाली घ्या. तिथे गाभा भरीव असतो. पेरात कापलं तर मऊ भेंड उघडं पडतं आणि कलम कुजतं. दोन तृतीयांश भाग मातीत, वर डोळ्यांची एक-दोन जोडी. पुढच्या शरद ऋतूपर्यंत हलवू नका. मेमध्ये पानं फुटली म्हणजे मुळं आली असं नाही. विकण्यासाठी रोपं करणार असाल तर आधी पट्टी वाचा, काही जातींवर पैदासकाराचे हक्क असतात.

न्यू जर्सी किंवा शिकागोकडच्या वाचकांसाठी दोन ओळी. तिथला उन्हाळा इंग्लंडपेक्षा बराच कडक, तेव्हा 'ब्लॅक लेस'ला सकाळचं ऊन आणि दुपारची सावली द्या. तिथलं देशी एल्डर, सांबुकस कॅनडेन्सिस, त्याच वर्षीच्या फुटव्यावरही फुलतं, त्यामुळे पूर्ण छाटूनही फुलं मिळतात. पण ते जमिनीखालून फुटवे टाकत पसरतं आणि छोट्या बागेत आवरत नाही. जुलैत जपानी भुंगे पानांची चाळणी करतात. सकाळी ते सुस्त असताना साबणाच्या पाण्यात झटकायचे. हरणं कोवळे शेंडे खातात.

राहिली पुण्याची गच्ची. तिथे हे लावू नका. या झाडाला पानं गाळून थंडीत विश्रांती लागते, ती पुण्याच्या हिवाळ्यात मिळत नाही, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवरच्या कुंडीत झिरमिळी पानं टिकणार नाहीत. एल्डरचे भाऊबंद भारतात आहेत. सांबुकस वाइटियाना काश्मीर-हिमाचलच्या डोंगरात रानटी वाढतं, पण तेही थंडीचंच. ऑनलाइन मिळणाऱ्या 'ब्लॅक लेस'च्या बियांवर पैसे घालवू नका. बीपासून ही जात जशीच्या तशी येत नाही, आणि बी रुजायलाही आधी काही आठवडे ऊब आणि मग तीनेक महिने फ्रिजइतका गारठा लागतो. आईबाबांना काळसर पानांचीच हौस असेल तर एरँथेममची गडद जांभळी जात किंवा तांबडा अकॅलिफा घ्यायला सांगा. दोन्ही पुण्याच्या कुठल्याही नर्सरीत मिळतात, १२ इंची कुंडीत भागतं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी निम्मं छाटलं की पुन्हा दाट भरतात.